काळ्या पाषाणातला जांभळा

दख्खनचा ॲमेथिस्ट पहिल्यांदा पाहणाऱ्याची थोडी निराशा होते. सराफाच्या काचेआड पाहिलेला गर्द, वाइनच्या छटेचा खडा त्याच्या डोळ्यांत असतो आणि हातात येतो तो फिकट, काही ठिकाणी तर जेमतेम जांभळा म्हणावा असा दगड. ब्राझील, उरुग्वे, झांबियाच्या मालाशी रंगाच्या गडदपणात त्याची स्पर्धा लावली तर तो हरतो, हे आधीच मान्य करून टाकावे. पण त्याला त्या शर्यतीत उभे करणे हाच मुळात अन्याय आहे. आपला ॲमेथिस्ट खड्यासारखा पाहायचा नसतो. तो उभ्या छेदात, त्याच्या काळ्या पाषाणासकट, कडेकडून आत वाचत जायचा असतो.

माझ्या बेलापूरच्या घरी टेबलावर असा एक तुकडा आहे. छत्रपती संभाजीनगर ते जळगाव या पट्ट्यातल्या खाणीतून आलेला, वीतभर रुंद. फुटलेल्या कडेने पाहिले की थर एकामागून एक लागतात. बाहेर काळा, किंचित खडबडीत बेसाल्ट. त्याला लागून नखाच्या जाडीहूनही पातळ हिरवी साय. मग राखाडी-निळसर अकीकाच्या रेघा. त्यानंतर दुधी क्वार्ट्झची दाट रांग. त्या रांगेची टोके तेवढी जांभळी, आणि त्या टोकांवर एका बाजूला बसलेला मधाळ रंगाचा एकच कॅल्साइट. या क्रमातला कोणताही थर आधीच्या थरावाचून शक्य नव्हता. रंग सर्वांत शेवटी आला आहे आणि तोही जपून वापरलेला आहे. त्या जपणुकीतच या दगडाचे सौंदर्य आहे, असे माझे मत.

आता काळ्या पाषाणापासून सुरुवात करू, कारण त्याच्याकडे नवी मुंबईतला माणूस रोज पाहतो आणि कधीच पाहत नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खनचे पठार तयार झाले. आपला पारसिकचा डोंगर त्याच घराण्यातला. खारघरचा पांडवकडा ज्या कड्यावरून कोसळतो तो कडाही तसाच, आणि विमानतळासाठी सुरुंग लावून सपाट केलेली उलव्याची टेकडीही तशीच. सह्याद्रीच्या माथ्यावर जवळजवळ आडवे पडलेले हे थर पनवेलच्या आसपास पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने झुकतात. भूशास्त्रात ही वाकण ‘पनवेल फ्लेक्शर’ या नावानेच ओळखली जाते. पावसाळ्यात खारघरच्या वाटेवर कड्याचा ताजा फुटलेला भाग दिसला तर जवळ जाऊन पाहा. काळ्यात पांढरे ठिपके दिसतील, काही ज्वारीच्या दाण्याएवढे, काही बोराएवढे. लाव्हा थिजताना वर निघू पाहणारे वायूचे बुडबुडे जिथे अडकले तिथे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्या क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि झिओलाइट या खनिजांनी भरल्या. पारसिकच्या उतारावर, तुर्भे-पावण्याच्या बाजूला वर्षानुवर्षे दगडखाणी चालल्या आणि या शहराचे रस्ते त्याच खडीवर उभे राहिले. आपण ज्यावरून चालतो त्या खडीत असे भरलेले बुडबुडे असतात, ही गोष्ट मला या शहराबद्दल ममता वाटायला पुरेशी आहे.

पोकळी मोठी असली, लाव्हाच्या प्रवाहाच्या वरच्या भागात वायू एकवटून हातभर किंवा माणूसभर खोली तयार झाली, की पुढचे काम पाणी करते. खडकातून झिरपणारे कोमट पाणी बेसाल्टमधली सिलिका विरघळवते आणि पोकळीच्या भिंतीवर आणून ठेवते. ॲमेथिस्टसाठी फार मोठी उष्णता लागत नाही. बेसाल्टच्या पोकळ्यांतला ॲमेथिस्ट उकळत्या पाण्याच्या आसपासच्या किंवा त्याहूनही कमी तापमानाला वाढलेला असतो. ज्यांनी वज्रेश्वरीच्या किंवा पालीजवळच्या उन्हेऱ्याच्या कुंडात पाय बुडवले आहेत, त्यांना खडकाच्या भेगांतून फिरून आलेले गरम पाणी म्हणजे काय हे सांगायला नको. या कामाला घाई नव्हती. दख्खनच्या पोकळ्यांतल्या ॲपोफायलाइट या खनिजाची वये मोजली गेली आहेत आणि काही ठिकाणी ते लाव्हा थंड झाल्यावर कोट्यवधी वर्षांनी तयार झाल्याचे आढळले आहे. खोली बांधून झाली आणि राहायला कुणी आले ते इतक्या अवकाशाने.

माझ्या तुकड्यातली हिरवी साय बहुतेकांच्या नजरेतून निसटते. तो सेलॅडोनाइट, मातीसारखे दिसणारे लोहयुक्त खनिज. बेसाल्टच्या काचेसारख्या भागाचे पाण्याने विघटन झाल्यावर त्याचा लेप भिंतीला बसतो. चित्रकार रंग लावण्याआधी पृष्ठभागाला अस्तर देतो, तसे याचे काम आहे. त्यावर अकीक येतो. अकीक म्हणजेही सिलिकाच, पण तिचे स्फटिक इतके सूक्ष्म की डोळ्यांना फक्त तलम रेघा दिसतात. या रेघा भिंतीच्या प्रत्येक वळणाशी इमान राखतात. भिंत आत गेली की रेघ आत, भिंत फुगली की रेघ बाहेर. भिंग लावून एका रेघेचा माग काढा. कुठेही तुटत नाही, कुठेही जाड-बारीक होत नाही. एवढा हात स्थिर असलेला लेखणीकार मी पाहिलेला नाही.

त्यानंतर स्फटिक मोठे होऊ लागतात आणि इथे एक स्पर्धा सुरू होते. भिंतीवर रुजलेले असंख्य क्वार्ट्झ वेगवेगळ्या दिशांना तोंड करून उगवतात. जे तिरपे ते शेजाऱ्याला धडकून थांबतात. जे भिंतीशी सरळ काटकोनात उभे, तेच पुढे वाढत राहतात. छेदाकडे नीट पाहिले तर तळाशी बारीक दाण्यांची गर्दी आणि वर मोजकेच रुंद खांब दिसतात. त्या खांबांची अंगे मात्र एकमेकांना चिकटलेली, त्यामुळे क्वार्ट्झच्या ओळखीच्या सहा उभ्या बाजू इथे सहसा दिसतच नाहीत. मोकळी मिळतात ती फक्त टोके, सहा उतरत्या पैलूंची. आणि तेही सहा सारखे नाहीत. एकाआड एक तीन मोठे, तीन लहान. हा भेद नुसता आकाराचा नाही. त्यावर पुढचे सगळे नाट्य अवलंबून आहे.

आता रंग. क्वार्ट्झ म्हणजे सिलिकॉन आणि ऑक्सिजन. शुद्ध असेल तर पाण्यासारखा पारदर्शक. त्याला जांभळा करायला दोन गोष्टी लागतात आणि दोन्ही अल्प प्रमाणात. पहिली, लोह. दहा लाख सिलिकॉन अणूंमागे लोहाचे फार तर काही शे अणू सिलिकॉनच्या जागी बसतात. एवढ्याने रंग येत नाही, स्फटिक फिकटच राहतो. दुसरी गोष्ट म्हणजे किरणोत्सर्ग. आजूबाजूच्या खडकातल्या पोटॅशियमचा एक समस्थानिक अत्यंत सावकाश विघटित होत असतो. त्याचे अर्धे अणू सरायला सुमारे १२५ कोटी वर्षे लागतात. त्यातून निघणारे गामा किरण लक्षावधी वर्षे स्फटिकातून जात राहतात आणि लोहाच्या अणूतला एक इलेक्ट्रॉन हलवून टाकतात. असे विस्कटलेले लोह प्रकाशातला हिरवा-पिवळा भाग शोषून घेते. उरतो तो निळा आणि लाल, म्हणजे आपला जांभळा. बेसाल्ट काळा आहे तो लोहामुळे, हिरवी साय हिरवी आहे तीही लोहामुळे आणि टोकाचा जांभळाही लोहाचाच. एकाच धातूने तीन ठिकाणी तीन रंग दिले, आणि हे तिन्ही माझ्या तुकड्यात दोन बोटांच्या अंतरात शेजारी उभे आहेत. रंगसंगतीचा असा आतून आलेला मेळ कोणत्याही चित्रकाराला हेवा वाटावा असा.

रंग टोकालाच का? स्फटिक वाढत असताना पाण्यात लोह केव्हा मिळाले, वाढीचा वेग किती होता, यावर ते ठरते. ॲमेथिस्टमध्ये जांभळा बहुधा शेवटच्या, संथ वाढीच्या थरांत साठतो. टोकाचा आडवा छेद घेऊन खालून उजेड दिला की दिसते ते तर थक्क करणारे असते. जांभळा सगळीकडे सारखा नसतो. मोठ्या तीन पैलूंखालचे त्रिकोणी विभाग गडद, लहान तीन पैलूंखालचे फिके, आणि गडद विभागांतही पैलूला समांतर अशा रंगाच्या पट्ट्या. वाढीच्या प्रत्येक टप्प्यावर पैलू जिथे होता तिथे एक पट्टी राहिली आहे. दगड घडत असताना त्याचा चेहरा कसा बदलत गेला, ते सगळे आत नोंदलेले आहे.

याहून सूक्ष्म खूण पाहायची तर तुटलेल्या जागी पाहावे. क्वार्ट्झ फुटला की शिंपल्यासारखा, काचेसारखा वक्र फुटतो. ॲमेथिस्टच्या फुटलेल्या पृष्ठावर मात्र बारीक लाटा दिसतात, अगदी अंगठ्याच्या ठशासारख्या. कारण आत आहे. क्वार्ट्झच्या अणूंची साखळी मळसूत्रासारखी वळत जाते, कुठे डावीकडे, कुठे उजवीकडे. ॲमेथिस्टमध्ये हे डावे आणि उजवे क्वार्ट्झ कागदाएवढ्या पातळ पापुद्र्यांनी आलटून पालटून एकमेकांत विणलेले असतात. याला ब्राझील नियमाचे यमलन म्हणतात, आणि ते बहुधा त्याच मोठ्या तीन पैलूंखाली असते. १९व्या शतकाच्या आरंभी भौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी ध्रुवित प्रकाशात ही वीण पाहिली आणि तिचे वर्णन केले. आपल्याकडे रत्नांचे वेडे असलेले चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही १९५०च्या दशकात ॲमेथिस्टच्या रचनेवर काम केले. हे पाहायला प्रयोगशाळाच हवी असे नाही. स्फटिकाच्या उभ्या अक्षाला काटकोनात कापलेली पातळ चकती मिळाली तर ती लॅपटॉपच्या पांढऱ्या पडद्यासमोर धरा आणि पोलराइज्ड गॉगल एका डोळ्यासमोर हळूहळू फिरवा. एका कोनात पडदा काळा होतो आणि चकतीत त्रिकोणी विभागांमधून समांतर पट्टे उमटतात. गडद जांभळा जिथे, वीण तिथे. प्रयोगशाळेत वाढवलेल्या बऱ्याचशा ॲमेथिस्टमध्ये हे यमलन नसते, म्हणून तज्ज्ञ नैसर्गिक खडा ओळखताना याच पट्ट्यांचा शोध घेतात. निसर्गाने सही केली आहे आणि ती फक्त योग्य कोनातून वाचता येते.

पुस्तकी गुणधर्म इथे थोडक्यात सांगतो: मोह्झ मापनावर काठिण्य ७, विशिष्ट गुरुत्व २.६५, वक्रीभवनांक १.५४४ ते १.५५३. या शेवटच्या दोन आकड्यांतला नऊ सहस्रांशाचा फरक म्हणजे प्रकाशाचे दोन वाटांनी जाणे. त्यातूनच एक मौज येते: स्फटिक वळवला की एका दिशेने तो निळसर जांभळा आणि दुसऱ्या दिशेने किंचित तांबूस दिसतो. फिकट दगडात हा फरक हळुवार असतो, त्यासाठी डोळा स्थिर ठेवावा लागतो. दिव्याचाही फरक पडतो. सकाळच्या उजेडात तो निळ्याकडे झुकतो, जुन्या पिवळ्या बल्बखाली लालसर होतो. मला विचाराल तर जुलैतल्या ढगाळ दुपारचा उजेड त्याला सर्वांत मानवतो. सावली पडत नाही आणि टोकाचा अगदी फिका जांभळाही तेव्हा उघड दिसतो.

दख्खनच्या ॲमेथिस्टचा एक प्रकार मात्र असा आहे, ज्यात तो कुणापुढेही हार जाऊ नये. अजिंठ्याच्या बाजूच्या काही पोकळ्यांत छतापासून लोंबणारी बोटे सापडतात. आत अकीकाचा गाभा, भोवती सर्व बाजूंनी ॲमेथिस्टचे स्फटिक. अखंड बोट सुंदर असतेच. खरी गंमत त्याची आडवी चकती कापल्यावर. मध्ये एक बारीक ठिपका, त्याभोवती अकीकाची वर्तुळे, मग दुधी क्वार्ट्झचे किरण आणि कडेला जांभळी झालर. भिंतीवरच्या तुकड्यात जो क्रम आपण बाहेरून आत वाचला, तोच इथे आतून बाहेर उलगडतो. एकाच रचनेचे असे उलटे रूप निसर्गाने आपल्याच जिल्ह्यांत करून ठेवावे, याचा आनंद मला कधी पुरा पडत नाही.

माणसाने या दगडाचे काय केले, हा वेगळा आणि फार जुना अध्याय. तमिळनाडूतल्या कोडुमणल इथल्या उत्खननात ॲमेथिस्टचे मणी सापडले आहेत. काठिण्य ७ असलेल्या दगडाला केसासारखे सरळ भोक पाडायला त्याहून कठीण टोक हवे, आणि प्राचीन भारतातल्या मणी घडवणाऱ्यांनी त्यासाठी हिऱ्याच्या कण्या वापरल्या. त्या कारागिरांच्या हाताला मी मनापासून नमस्कार करतो. युरोपात बिशपांच्या अंगठ्यांत हा खडा बसला. १९व्या शतकात ब्राझील आणि उरुग्वेच्या बेसाल्टमधून, म्हणजे आपल्या दख्खनच्याच जातीच्या पण दुप्पट जुन्या लाव्हातून, तो एवढा निघाला की माणिक-पाचूच्या पंक्तीतून तो खाली आला. आपल्याकडे जमुनिया किंवा कटेला म्हणून नीलमऐवजी शनीसाठी तो घातला जातो. लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियममध्ये ‘दिल्ली पर्पल सफायर’ नावाचा एक खडा आहे, १८५७च्या धामधुमीत कानपूरच्या इंद्राच्या देवळातून लुटला गेल्याची आणि घेणाऱ्याला शाप भोवल्याची कथा त्याला चिकटलेली. तो नीलम नाही, ॲमेथिस्टच आहे. पाषाणापासून सुटलेल्या खड्याला असे इतिहास बाहेरून जोडावे लागतात. पाषाणासकट असलेला आपला इतिहास स्वतः सांगतो.

पैलू पाडण्यालाही माझा विरोध नाही. गडद मालाला पैलूच शोभतो. जयपूरचे कारागीर खडा फिरवून फिरवून गडद विभाग नेमका कुठे आहे ते हेरतात आणि तो तळाशी बसेल असा कापतात, मग तळाचा थोडासा रंग उजेडाबरोबर सबंध खड्यात पसरतो. हे पाहण्यासारखे कसब आहे. आपल्या महाप्यातही आता दागिने उद्योगासाठी २१ एकरांचे इंडिया ज्वेलरी पार्क आकाराला येत आहे. तिथल्या नव्या हातांना हे कसब लाभो. पण फिकट दख्खनी टोके कापून काढली तर हाती एक मामुली खडा येतो आणि कोट्यवधी वर्षांचा क्रम पाण्याच्या धारेखाली भुकटी होऊन वाहून जातो. तापवण्याचेही तसेच. ४०० ते ५०० अंशांवर जांभळा उडतो आणि पुष्कळदा पिवळा येतो. बाजारातला बराचसा पिवळा सिट्रीन असा भाजलेला ॲमेथिस्टच असतो.

घरात असलेल्या तुकड्याची काळजी फार अवघड नाही. कोमट पाणी, मऊ ब्रश. उन्हाच्या खिडकीत वर्षानुवर्षे ठेवू नका, काही ॲमेथिस्टचा रंग उन्हाने फिका होतो आणि आपल्याकडे मुळातच तो फिका आहे. अंगठी सोनाराकडे दुरुस्तीला देताना फुंकणीच्या आचेपासून खडा जपायला सांगा. कोरड्या फडक्याने धूळ पुसू नका. धुळीतही क्वार्ट्झचे कण असतात आणि बरोबरीच्याशी घासले की पैलूंच्या कडा बोथटतात.

शेवटी थोडे त्या माणसांविषयी, ज्यांच्यामुळे हे आपल्यापर्यंत येते. दख्खनची खनिजे जगाला माहीत झाली ती बोरघाटात रेल्वेसाठी डोंगर फोडले गेले तेव्हा. १८६३ मध्ये तो मार्ग पुरा झाला आणि त्या खोदाईतले ॲपोफायलाइट आणि स्टिल्बाइट लंडनच्या संग्रहालयापर्यंत पोहोचले. आजही ॲमेथिस्टसाठी म्हणून क्वचितच कुणी खाण खोदतो. खडीसाठी सुरुंग लागतो, भिंतीत काळोखी पोकळी उघडते आणि क्रशरकडे दगड जाण्याआधी खाणीतला कुणी कामगार छिन्नीने, हाताने, गोणपाटात गुंडाळून तो तुकडा बाजूला काढतो. टोके न मोडता पाषाणासकट तुकडा सोडवणे हे मोठे कौशल्य आहे. माझ्या तुकड्यात एकही टोक तुटलेले नाही आणि मागचा बेसाल्ट जेमतेम बोटभर जाडीचा ठेवला आहे. कोणत्या हातांनी ते केले ते लेबलावर लिहिलेले नाही.

सिन्नरला के. सी. पांडे यांनी उभारलेले खनिजांचे गारगोटी संग्रहालय आहे, २००१ पासून. नवी मुंबईहून एका दिवसात जाऊन येता येते. तिथे गेलात तर मोठ्या जांभळ्या गुहेसमोर फोटो काढून पुढे सरकू नका. कडेला या, काळ्यापासून सुरू करा आणि थर मोजत आत जा. आणि स्वतःसाठी तुकडा घ्याल तेव्हा गडद रंगासाठी भाव वाढवून देण्यापेक्षा मागचा पाषाण शाबूत असलेला घ्या, विक्रेत्याला खाणीच्या गावाचे नाव विचारा आणि ते मागे चिठ्ठीवर लिहून चिकटवा. गावाचे नाव नसलेल्या तुकड्याचा अभ्यासाला फारसा उपयोग होत नाही.